न लागलेला ठसका

दादा, परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत जो उठला त्यानं तीच गोष्ट सांगितली. बहीण अंथरुणावर निपचित पडली, शेजारपाजार म्हणाला बाहेरचं लागलं, पण आमच्या दादांनी भगताला दारात उभं केलं नाही, बहिणीला उचललं आणि सरळ मोठ्या दवाखान्यात नेलं. मी पुढच्या चटईवर बसले होते. गोष्टीतली बहीण मीच, त्यामुळे दर वेळी सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या आणि मी शहाण्यासारखी मान हलवायचे. गोष्टीत खोटं काही नव्हतं. फक्त मिरच्या नव्हत्या.

मिरच्यांवर तुझं-माझं कधी बोलणंच झालं नाही. तू टाळलंस, आणि मी तुझी वाट पाहिली. मला त्यातलं काही ठाऊक नाही अशी तुझी खात्री होती, कारण मी बेशुद्ध होते. दादा, मी बेशुद्ध नव्हते. एवढं एक वाक्य मला तुझ्यासमोर बसून बोलायचं होतं. तू वर्तमानपत्र बाजूला ठेवलं असतंस, चष्मा कपाळावर चढवला असतास आणि रागावला असतास. रागावला असतास तरी चाललं असतं.

वार्षिक परीक्षा तोंडावर होती आणि मी शिकवायचे त्या वर्गातली बाकं हलवायची होती. शिपाई जेवायला गेलेला. तो येईपर्यंत थांबेल ती मी कसली? एकटीनंच बाक ओढलं आणि कमरेत अशी उसण भरली की मोठ्या पोरींनी दोन्हीकडून धरून मला घरी आणलं. वहिनी बाळंतपणाला परतवाड्याला गेली होती. घरात तू आणि मी. तुला चहासुद्धा धड येत नव्हता, पण काळजी करण्यात तू घरभरच्या बायकांना हरवलं असतंस. दुसऱ्याच दिवशी मला गाडीत घालून अमरावतीला मामाकडे नेलंस. मामाच्या ओळखीच्या डॉक्टरनं पांढऱ्या गोळ्या दिल्या. आखडलेल्या शिरा सैल होतील, म्हणाला. झाल्याही थोड्या. पण परत येताना गाडीत बसून बसून पुन्हा कंबर धरली, तेव्हा तू अकोल्यातला डॉक्टर घरी बोलावलास. त्यानं पिवळ्या गोळ्या दिल्या. आधी काही औषध चालू आहे का, असं त्यानं स्पष्ट विचारलं होतं. मी तोंड उघडणार तोच तू म्हणालास, "नाई डॉक्टरसाहेब. काईच नाई."

तो गेल्यावर मी तुला विचारलं, खोटं काहून बोलला? तू म्हणालास, "एका डॉक्टरले दुसऱ्याचं नाव सांगणं बरं दिसते का वं? त्याले वाटन, आपल्यावर भरोसा नाई." बरं, मग पांढऱ्या बंद करू का? तर त्यावरही तू तयार. "मामानं एवढं केलं, त्याले काय वाटन? आन् डॉक्टरनं देलेलं औषध अर्धं सोडाचं नसते." असा दोन्ही डॉक्टरांचा आणि मामाचा मान राखायचा म्हणून मी दोन्ही गोळ्या घ्यायला लागले. तू ग्लास घेऊन समोर उभा राहायचास. मी गोळी गिळली की नाही हे पाहायला, जीभ वर करायला लावायचास.

मी तेव्हा तुझी थट्टा करायचे. आज मला त्या ग्लास धरलेल्या हाताची दया येते. आपला मधला भाऊ नांदगावला तापात गेला, तेव्हा घरात अंगारा होता, उतारा होता, कोंबडं होतं, फक्त डॉक्टर नव्हता. तू तेव्हा त्याच्या उशाशी बसून होतास, मी पाळण्यात. नागपूरहून दीक्षा घेऊन आलास त्या दिवशी तू देव्हारा रिकामा केलास आणि मायला म्हणालास, आता या घरात कोणी आजारी पडलं तर डॉक्टर येईल. तुझ्यासाठी गोळी ही नुसती गोळी नव्हती. मला ते कळत होतं म्हणून मीही निमूट गिळत होते.

पहिल्या दिवशी छान झोप लागली आणि तू खूश झालास. मग पापण्या जड झाल्या. मग जीभ. "च्या दे" म्हणायला गेले तर तोंडातून शब्दांचा गोळाच बाहेर पडला, आणि तू माझी नक्कल केलीस. आपण दोघंही हसलो, आठवतं? मी तर पोट धरून हसले. संध्याकाळी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरी मला दोन दिसल्या. मी म्हणाले, "दादा, मले दोन दोन दिसून राहिले." तू म्हणालास, "दोन दिसले तं दोनदा वंदन कर." सकाळी हातातून बशी निसटली. मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागली आणि पाय भलतीकडेच पडत होते. तू म्हणालास ऊन लागलं. अकोल्याचं ऊन, कोणाला पटणार नाही? कांदा फोडून नाकाशी धरलास, डोक्यावर ओलं फडकं ठेवलंस, आणि मी कण्हत होते म्हणून वरून आणखी एक पिवळी गोळी दिलीस.

त्याच सकाळी गिरजामाय आली. समोरच्या घरातली, मोर्णा नदीकाठच्या वाडीतून भाजी आणून विकणारी. रोज आपल्या ओट्यावर टोपली टेकवून वांगी-मेथी द्यायची, गप्पा मारायची, पण उंबऱ्याच्या आत यायची नाही. आपल्याकडचं पाणीही घ्यायची नाही. तहान लागली तर स्वतःच्या घरी जाऊन पिऊन यायची. त्या दिवशी तिनं दारातूनच वाकून मला पाहिलं. मी बाजेवर होते. हात लांब करून तिनं माझी बोटं धरली आणि सोडली.

"पोरीच्या पापण्या पाह्य रे," ती तुला म्हणाली. "उचलूनच नाई राहिल्या. काल बोलली तं जीभ लटपटत होती. आता म्या हात धरला तं तिच्यानं माया हात धरवला नाई. हे ऊन नोहे बापा. उन्हानं आंग तापते, हिचं तं गार हाय. मले त बाहेरचं दिसते. मीठ-मिरच्या उतरवू दे मले."

तुझा आवाज मला अजून ऐकू येतो. "गिरजाबाई, आमच्या घरचं पाणी चालत नाई तुमाले, आन् आमची नजर काढाले मातर येता काहून?"

तिनं टोपली उचलली आणि गेली. उत्तर बिनतोड होतं, दादा, आणि मला पडल्या पडल्या तुझा अभिमानही वाटला. त्या एका वाक्यात आपल्या कितीतरी पिढ्यांचा हिशेब होता. पण त्या उत्तराच्या नादात तिनं काय काय पाहिलं होतं ते वाहून गेलं. पापण्या, जीभ, हात, गार अंग. तिनं पाहिलेलं सगळं खरं होतं, तिनं त्याला दिलेलं नाव तेवढं चुकीचं होतं. आपण नाव ऐकलं आणि तिचं पाहणंही नावासोबत बाहेर फेकलं. मी "आपण" म्हणते, कारण मीही तेव्हा बोलू शकले असते. अजून जीभ थोडी हलत होती. मी बोलले नाही.

दुपारी जीभही थांबली.

ते कसं असतं हे मी कोणाला सांगितलेलं नाही. झोप नव्हती. ओल्या गोधडीसारखं अंग बाजेवर पडलेलं आणि त्याच्या खाली कुठेतरी मी. तू हाक मारत होतास ती कळत होती. "सुमे, ए सुमे, डोये उघड." मी उघडत होते, ते उघडत नव्हते. तू माझा हात उचलून सोडलास, तो खाली आपटला, आणि तू "अरे बापरे" म्हणालास, अगदी हळू. मग तू घरभर फिरायला लागलास. डॉक्टरचा दवाखाना दुपारचा बंद. मला एकटीला टाकून जावं तर कसं जावं. तू पंख्यानं वारा घालत होतास, मध्येच थांबत होतास, पुन्हा घालत होतास. मग कडी वाजली, तुझी पावलं ओट्यावर गेली आणि रस्त्यापलीकडे तू हाक मारलीस.

"माय, ये व. काय कराचं ते कर."

तू तिला गिरजाबाई म्हणायचास. माय त्या दिवशी पहिल्यांदा म्हणालास.

ती आली, उंबरा ओलांडून आली. शेगडीत निखारे होते. मीठ, मोहरी, वाळल्या लाल मिरच्या मुठीत धरून तिनं माझ्यावरून उतरवल्या, पुटपुटली आणि निखाऱ्यावर टाकल्या. मिरच्यांचा धूर घरभर झाला. आधी ती खोकली. मग तू. मग ओट्यावर जमलेली पोरंसोरं खोकत पळाली. तुझं खोकणं थांबेना. आणि त्या धुरात मला गिरजामायचा आवाज ऐकू आला, थोडा पडलेला.

"नजर नाई बापा. नजर असती तं वास बी आला नसता, कोणाले ठसका बी लागला नसता. हे काई येगयंच हाय."

दादा, ती बाई प्रामाणिक होती. तिला नजर म्हणता आलं असतं, तू तेव्हा काहीही मानलं असतंस. आणि तू? डोळ्यांतून पाणी वाहतंय, घसा जळतोय, तरी तू माझ्याकडे पाहत होतास.

"पण माय," तू म्हणालास, "हिले काहून नाई लागला?"

"काय?"

"ठसका. आपन सारे खोकून राहिलो. हिच्या तं नाकाशी धूर हाय. हे काहून खोकून नाई राहिली?"

मग कोणाचं तरी ओलं बोट माझ्या नाकाखाली आलं. तिचं होतं. "श्वास लय बारीक चालला रे," ती म्हणाली. "उचल. उचल तिले लवकर."

पुढची गोष्ट सगळे बरोबर सांगतात. तू मला उचललंस, टांगा मिळाला, गिरजामायनं माझं डोकं मांडीवर घेतलं. निघता निघता तुला दोन्ही गोळ्यांच्या पुड्या खिशात टाकायचं सुचलं, ही तुझी हुशारी कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. त्या पुड्या नसत्या तर दवाखान्यातले डॉक्टर चाचपडत बसले असते. त्यांनी पांढरी पाहिली, पिवळी पाहिली, आणि म्हणाले, "अहो, दोन्ही एकाच जातीच्या आहेत. दोन्ही स्नायू सैल करतात. दोन्ही मिळून यांना श्वाससुद्धा घेऊ देत नाहीयेत." मग नळ्या, सलाईन, प्राणवायू. त्यातलं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. पण पडद्यापलीकडचं तुमचं बोलणं मी अक्षर न अक्षर ऐकलं, दादा.

"बोलताना जीभ जड झाली होती का?"

"हो."

"एकाचे दोन दिसतात, असं म्हणाल्या होत्या?"

"हो."

"तोल जात होता? हातातून वस्तू पडत होत्या?"

"हो."

"सारखी झोप? पापण्या मिटलेल्या?"

"हो."

"मग कधी लक्षात आलं तुमच्या?"

डॉक्टर चांगले होते, त्यांनी पुन्हा विचारलं नाही. एवढंच म्हणाले की यातलं एक जरी दिसलं तरी गोळी थांबवायची आणि विचारायला यायचं, आणि एका डॉक्टरपासून दुसऱ्याचं औषध कधी लपवायचं नाही. तू "हो" म्हणालास. तसा "हो" मी तुझ्या तोंडून नंतर कधी ऐकला नाही.

मी बरी झाले. पण तू त्या दिवसापासून निराळा झालास. वस्तीत कोणाच्या घरी गोळ्या चालू आहेत असं कळलं की तू हजर. "बोलून दाखव. माये दोन बोटं दाब. किती दिसतात? अजून कोण्या डॉक्टरचं काही घेतो का, खरं सांग." म्हातारे तुला लांबून पाहिलं की बोटं दाखवायचे आणि हसायचे. तुला त्याचं काही वाटायचं नाही. त्यांच्यातल्या किती जणांच्या गोळ्या तू वेळेवर थांबवल्यास हे परवा कळलं; सभेनंतर एकेक जण येऊन हळूच सांगत होता. मला तुझा फार अभिमान वाटला आणि आत जाऊन मी रडले.

आणि दुसरी तुझी सवय. मी खोकले की तू मान वर करायचास. कुठेही. फोडणीचा धूर असो, खडूची भुकटी असो, साधं पाणी घशात अडकलेलं असो. तू वाचत असशील, कोणाशी वाद घालत असशील, मी खोकले की थांबायचास, माझ्याकडे पाहायचास आणि मग वाक्य पुढे न्यायचास. माझ्या लग्नात होमाचा धूर नव्हता, पण मांडवामागे चुली होत्या. वंदना चालू असताना मी खोकले तर सगळ्यांच्या देखत तू मागे वळून पाहिलंस. सासरची माणसं हसली. चांदूर रेल्वेला, माझ्या सासरी, तू आलास की मी चिडून म्हणायचे, "दादा, मले खोकू बी देत नाई का तू?" तू म्हणायचास, "खोक ना. खोक. मी कोठी नाई म्हनतो?"

मला वाटायचं, आता बोलेल. आता म्हणेल, सुमे, त्या दिवशी मी गिरजामायला घरात घेतलं होतं. तू नाही म्हणालास. सभेत तू दवाखान्याची गोष्ट सांगायचास आणि शेगडीपाशी आलास की उडी मारून टांग्यात बसायचास. मी मनातल्या मनात हसायचे आधी. नंतर हसू येईना. जे तुला तुझं पाप वाटत होतं, तेच लपवायला तू दरवर्षी आणखी कडक होत गेलास.

आणि ते शेवटचं भांडण. तुमच्या गल्लीतल्या त्या बाईनं पोराच्या हातात गंडा बांधला म्हणून तू तिला चारचौघांत फाडफाड बोललास. मी तेव्हा तुझ्याकडेच आले होते. मी म्हणाले, "दादा, गंडा तोड, पण तिले विचार तं खरं, पोराले काय होऊन राहिलं ते. माय हाय ते. तिनं काईतरी पाह्यलं असन." तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसा काही मीच गंडा बांधला होता. "तू बी? शिकून-सवरून तू बी?" माझ्या जिभेवर आलं होतं, दादा. मिरच्यांचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण चारचौघं होती, तुझी मान खाली गेली असती, म्हणून मी गिळलं. तू फुगलास. त्यानंतर चांदूरला आला नाहीस. मीही म्हटलं, बसू दे फुगून, येईल पुढच्या महिन्यात. मग तुझ्याऐवजी तार आली.

मला तुला चिडवायचं नव्हतं रे. मला हे सांगायचं होतं की त्या दुपारी तू तत्त्व सोडलं असं तुला वाटत राहिलं, पण मी तिथे होते आणि मला तसं दिसलं नाही. तू घाबरलास आणि शेजारणीला हाक मारलीस. त्यात लाजायचं काय? आणि धुरात डोळे मिटून हात जोडायची वेळ होती, तेव्हा तू डोळे उघडे ठेवलेस. घरभर मिरच्या जळत असताना एकटा तू मिरच्यांकडे पाहत नव्हतास. आपल्या मधल्या भावाच्या उशाशी बसलेलं पोर जे करू शकलं नव्हतं, ते तू माझ्यासाठी केलंस. मी जिवंत आहे ती त्या पाहण्यामुळे. हे मी तुला इतक्या वर्षांत एकदाही म्हटलं नाही.

परवा सगळे गेल्यावर गिरजामाय मागे राहिली. आता तिला कमरेतून वाकून चालावं लागतं. ती आत आली, माठातलं पाणी घेऊन प्याली आणि माझ्याजवळ बसली.

"लोकायनं मायं नाव नाई घेतलं," ती म्हणाली. मला वाटलं, तिला लागलं. पण ती हसत होती. "बरं झालं. त्यानंच सांगितलं होतं, सांगजो नोको म्हणून. तू दवाखान्यात होती नं, तवा आला होता बजारात माया दुकानावर. म्हणे, तुया मिरच्यानं काई झालं नाई, समजलं? म्या म्हटलं, नाईच झालं बापा. मंग तेथीच वांग्याच्या टोपल्यापाशी बसला आन् लहान पोट्ट्यावानी रडला. म्हणे, माय, तू सकाळीच सांगितलं होतं, म्या आयकलं नाई. म्हणे, सुमीले सांगजो नोको, तिच्या नजरेतून उतरीन मी."

मी म्हटलं, "मले माहीत होतं, माय. मी सारं आयकत होती."

तिनं पेला खाली ठेवला. "मंग त्याले सांगितलं काहून नाई?"

मी उठून तिचा पेला पुन्हा भरून आणला.

दिवसभर कोणाच्या पोटात काही नव्हतं. तीच उठली, तुमच्या चुलीपाशी बसली, पिठलं करते म्हणाली. वहिनीनं तिला तेल दिलं, मिरच्या दिल्या. फोडणी करपली की काय झालं, घरभर मिरच्यांचा असा खाट उठला की वहिनी खोकली, पोरं खोकली, गिरजामाय खोकत खोकत स्वतःलाच शिव्या द्यायला लागली. मग मला ठसका लागला. चांगला जोरात, डोळ्यांतून पाणी काढणारा.

आणि सवयीनं मी दाराजवळच्या तुझ्या खुर्चीकडे पाहिलं.

मी खोकतेय, दादा. मान वर कर.